सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची पाळी

गिरणी पाडली असती तर लालबागच्या लोकांना तिचं सुतक तरी पाळता आलं असतं. मालकांनी ती पाडली नाही, रंगवली. विणाई खात्याच्या छपराला काचा बसवल्या, आत एसी लावला, खाली करडा गालिचा अंथरला आणि दारावर एक इंग्रजी नाव ठोकलं. आत काम काय, तर परदेशातल्या कुठल्याशा विमा कंपनीचे कागद तपासायचे. जिथे एकशे चव्वेचाळीस साचे धडधडायचे तिथे एकशे चव्वेचाळीस कॉम्प्युटर मांडले. साचा म्हणजे कापड विणायचा माग, पण गिरणगावात त्याला माग म्हणणाऱ्याला बाहेरचा समजायचे. ओतीव लोखंडाचे खांब मात्र तसेच ठेवले आणि त्यांच्यावरचे पांढऱ्या रंगातले साच्यांचे नंबरही. कुणा आर्किटेक्टला ते फार गोड वाटले म्हणे. उपाशी मेलेल्याच्या घरातली भांडी दिवाणखान्यात शोभेला मांडावीत, तसली ही आवड.

या हॉलमध्ये २००५ सालच्या फेब्रुवारीत हेरंब घाडी नावाचा तेवीस वर्षांचा मुलगा सहा महिन्यांच्या कंत्राटावर कामाला होता. राहायला दहा मिनिटांवर, भोईवाड्याच्या चाळीत. बाप गणपत घाडी याच खात्यात साचेवाला होता, हे त्याने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून उपयोगही नव्हता. नेटवर्कचं काम होतं त्याचं. एकशे चव्वेचाळीस मशीनपुढे एकेकदा बसून सॉफ्टवेअर टाकायचं तर आठवडा जाईल. म्हणून ते एका मुख्य मशीनवर ठेवायचं, बटण दाबायचं आणि तारांतून ते सगळीकडे आपोआप चढवायचं. कुठे चढलं, कुठे अडकलं, हे मुख्य मशीनच्या पडद्यावर ओळीने दिसतं. चढलं की ओळ हिरवी, अडकलं की लाल.

सोमवारी सकाळी दहाला हॉल सुरू व्हायचा होता. गुप्ते मॅडमनी, म्हणजे त्याच्या साहेबीणबाईंनी, सरळच सांगितलं होतं.

"एकशे चव्वेचाळीस ग्रीन दिसले, की तुझं पर्मनंटचं लेटर मी त्याच दिवशी साइन करते. एक जरी रेड असलं तरी क्लायंट हॉल घेणार नाही. मग माझ्याही हातात काही राहणार नाही, हेरंब."

कायम होणं ही घाडींच्या घरात साधी गोष्ट नव्हती. गणपत नऊ वर्षं बदली कामगार होता. रोज गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर तोंड पाडून घरी यायचं. नऊ वर्षांनी तो कायम झाला आणि पुरते तीन महिनेसुद्धा झाले नाहीत तोच संप आला. त्यामुळे त्या पत्राची वाट हेरंबपेक्षा त्याची आई, सुभद्रा, जास्त बघत होती.

हेरंबने या कामात एकच आगाऊपणा केला. कंपनीचा नियम होता, मशीनला रांग आणि खुर्ची यांवरून नाव द्यायचं. याने डोकं चालवून प्रत्येक मशीनला शेजारच्या खांबावरचा साच्याचा नंबर दिला. गिरणगावातल्या पोराशिवाय दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं आणि सुचलं असतं तरी त्याने ते केलं नसतं. हेरंबला मात्र ते सोयीचं वाटलं आणि थोडं बरंही वाटलं.

शुक्रवारी दुपारी त्याने बटण दाबलं. चहा पिऊन येईस्तोवर एकशे बेचाळीस ओळी हिरव्या झाल्या होत्या. दोन लाल होत्या, सत्त्याऐंशी आणि अठ्ठ्याऐंशी. पुढे लिहिलं होतं, 'युजर ॲक्टिव्ह'. म्हणजे या मशीनवर कोणीतरी काम करतंय, त्याचं होईपर्यंत थांबतो. हा थांबण्याचा नियम हेरंबनेच घातला होता. चालत्या हातातून मशीन काढून घेऊ नये, एवढं त्याला कळत होतं. पण हॉलमध्ये माणूस नव्हता. खुर्च्यांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालं नव्हतं.

तो उठून तिथे गेला. दोन्ही पडदे काळे. माउस हलवला तर पाटी आली, की हे मशीन दुसरा माणूस वापरतोय, त्याला बाहेर काढायचं का? खाली 'हो' आणि 'नाही'. हेरंबने 'नाही' दाबलं आणि नेहमीचे उपाय सुरू केले. तार बदलली. भिंतीतलं भोक बदललं. मशीन बंद करून चालू केलं. शेवटी दोन्ही मशीनचे डबेच उचलून स्टोअरमधले कोरे डबे आणून लावले. नवे डबे चालू झाले आणि दोन मिनिटांत ओळी पुन्हा लाल. काढलेले डबे पलीकडच्या टेबलावर नेऊन लावले, तर तिथे ते गुपचूप हिरवे झाले. खोट डब्यात नव्हती, जागेत होती.

शनिवारी त्याने कोरा डबा उघडला. कालच खोक्यातून काढलेला, आतल्या पंख्याला हवासुद्धा लागली नसेल. पंख्याच्या पात्यांत पांढरा पुंजका अडकला होता. धूळ नव्हे, कापूस. संपाआधी बाप घरी आला की त्याच्या भुवयांवर असायचा तसला, असं सुभद्रा सांगायची. हेरंबने तो चिमटीत धरला. मग कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

कुशाबा वॉचमन दारातून बघत होता. तोही याच गिरणीतला, सूतखात्यातला. रोज संध्याकाळी फेरी मारताना तो त्या खांबाला वळसा घालून जातो, हे हेरंबच्या आधीच लक्षात आलं होतं.

"कुशाबाकाका, इथून का नाही जात तुम्ही?"

"कामावरच्या माणसाला धक्का लागतो," कुशाबा म्हणाला आणि दाराबाहेर जाऊन बिडी पेटवली.

मग हेरंबने लॉग उघडला. मशीन आपली रोजनिशी ठेवतं, कोण कधी आलं, कधी गेलं. त्यात युजरच्या जागी नाव नव्हतंच, नुसता आकडा होता, २४१७. असा युजर त्याच्या यादीत नव्हता. आणि काम सुरू झाल्याची वेळ होती सकाळचे सात, सोळा जानेवारी १९८२.

मशीनचा सेल मेला की घड्याळ मागे जातं, हे हेरंबला ठाऊक होतं. पण तसं झालं तर ते १९८० च्या पहिल्या तारखेला जातं. हे घड्याळ तर बरोबर चाललं होतं. त्याने सेल बदलला, घड्याळ मुख्य मशीनला जुळवलं, पुन्हा लॉग पाहिला. सोळा जानेवारी १९८२. ती हेरंबची जन्मतारीख होती.

भूतबित मानणारा तो नव्हता. निदान पगार घेताना तरी नव्हता. रविवारी सकाळी तो एकटाच हॉलमध्ये आला आणि गुप्ते मॅडमचा फोन आला.

"अजून दोन रेड? अरे, फोर्स कर ना! कोण बसलंय तिथे?"

"कोणी नाही, मॅडम."

"मग कुणाला घाबरतोस?"

खरंच, कुणाला घाबरतोय, असं त्यालाही वाटलं. त्याने सक्तीची आज्ञा लिहिली, युजरला बाहेर काढ आणि सॉफ्टवेअर चढव. बटण दाबलं तेव्हा पावणेबारा झाले होते.

सत्त्याऐंशीचा पडदा उजळला, क्षणभर थांबला आणि विझला. अठ्ठ्याऐंशीचाही विझला. मग शहाऐंशी, पंच्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. दोन्ही बाजूंना, रांगेमागून रांग, शेवटच्या खांबापर्यंत. एकशे चव्वेचाळीस पंख्यांची घरघर एकदम थांबली. इतके दिवस तो आवाज आहे हेच हेरंबला कळलं नव्हतं. आता त्याच्या कानांत दुखू लागलं. वर दिवे जळत होते, एसी चालू होता, वीज कुठेच गेली नव्हती. फक्त सगळी मशीनं बसली होती. मुख्य मशीनच्या पडद्यावर एकशे चव्वेचाळीस लाल ओळी होत्या आणि एकीवरही चूक काय ते लिहिलेलं नव्हतं.

त्याने एकेक मशीन हाताने चालू करून पाहिलं. एकही उठेना. जवळजवळ दोन तास तो बटणं दाबत त्या रांगांतून धावत होता. घामाने भिजला, रडकुंडीला आला. एका माणसाला बाहेर काढलं म्हणून सगळं खातं बसलं, हे त्याच्या मनात आपोआप आलं आणि त्याची पाचावर धारण बसली. असल्या गोष्टी तो चाळीत ऐकत मोठा झाला होता. तो सरळ चाळीत गेला.

गणपत गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. छातीत कापूस भरलेला माणूस, चार पावलं चालला की दोनदा थांबायचा. गिरणीविषयी तो कधी बोलत नसे. हेरंबने विचारलं, "बाबा, चोवीसशे सतरा नंबर कुणाचा?"

गणपतने मान वळवली नाही.

"दगडूचो बिल्लो," तो म्हणाला. "तुका कोणी सांगलान?"

"आणि सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी?"

"आमचे दोघांचे साचे. त्याची सकाळची पाळी, माझी दुपारची."

मग हेरंबने सगळं सांगितलं. कापसाचा पुंजका पुढे धरला. गणपतने तो घेतला, बोटांत चोळला आणि ओळखला. त्यानंतर तो जे बोलला ते सुभद्रानेही यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

त्यांच्या खात्यात पाळी बदलायची एक रीत होती. चालता साचा बेवारस सोडायचा नाही. जाणारा साच्याच्या दांडीवर हात ठेवून उभा राहणार, येणारा त्याच्या हातावर आपला हात ठेवणार. मग जाणारा हात काढून घेणार आणि म्हणणार, 'येतो.' येणारा म्हणणार, 'ये.' त्याशिवाय जाणारा सुटला नाही. येणारा आला नाही तर दुसरी पाळीही त्यानेच ओढायची.

"सोळा तारखेक, शनिवारी, मी गेलंयच नाय," गणपत म्हणाला. "तुझ्या आईक सकाळी कळा सुरू झाल्यो. हिका घेऊन इस्पितळात बसलंय. साडेतीन वाजले तेव्हा तुझा तोंड बघी होतंय. दगडू थय उभो. बारापर्यंत त्यानाच दोनय पाळ्यो ओढल्यान. शनिवारी तिसरी पाळी नसायची, त्याच्या हातातून घेऊक कोणी इलो नाय. म्हटलं, सोमवारी त्याच्या हातातून घेईन, पेढो देईन. सोमवारपासून संप."

"मग?"

"मगे काय? मोर्चात भेटायचो तेव्हा हसायचो. म्हणायचो, गणपत, साचे अजून माझ्याच हातात आसत रे. दीड वर्सान तो अंथरुणाक लागलो. खायला नाय, औषध नाय. त्याची बायल शेवंतीवहिनी सांगूक इली, म्हणाली, भावजी, ते सारखे बडबडतत, गणपतक सांगा, येऊन साचे घे, माका सुटूचा आसा." गणपत थांबला. श्वास भरून आल्यामुळे की कशामुळे ते कळलं नाही. "मी गेलंय नाय, झिला. हातात नारळ घेऊक पैसे नव्हते. रिकाम्या हातान कसो जाऊ, म्हणून उद्या जाईन म्हटलंय. माका लाज वाटली. तो तसोच गेलो."

सुभद्रा पदराने डोळे पुसत म्हणाली, "ह्यात पोराची काय चूक?"

"पोराची नाय. माझी." गणपत खुर्चीचा हात धरून उठला. "माझो पत्र्याचो डबो दे. टायम काय झालो?"

अडीच वाजले होते. डब्यातून त्याने आपला पितळी बिल्ला काढला, ३०५२. संप झाल्यावर तो परत करायला कोणी बोलावलंच नव्हतं. सदऱ्याला अडकवला आणि दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास घेत, हेरंबच्या खांद्यावर भार टाकून, तो निघाला. गेटवर कुशाबाने त्याला पाहिलं आणि वही पुढे केली नाही. पाहुण्यांनी सही करायची असते. कुशाबा नुसता बाजूला झाला.

आत गेल्यावर हेरंबला वाटलं होतं, बाप काचा बघेल, गालिचा बघेल, काहीतरी बोलेल. गणपतने काहीच पाहिलं नाही. इतकी टेबलं मधे असूनही तो जुन्या वाटेने, एकदाही न चुकता, थेट त्या खांबाशी गेला. आणि आश्चर्य म्हणजे गेटपासून तो एकदाही खोकला नव्हता.

साडेतीन झाले. पूर्वी या वेळेला भोंगा व्हायचा. आता काहीच झालं नाही.

गणपतने उजवा हात पुढे केला आणि सत्त्याऐंशीच्या टेबलाच्या कडेवर ठेवला. हेरंब दोन हातांच्या अंतरावर उभा होता, दिवे लख्ख होते, त्यामुळे आपण जे पाहिलं त्याविषयी त्याला पुढे कधीच शंका आली नाही. बापाचा तळवा टेबलाला टेकला नव्हता. तो टेबलाच्या वर, माणसाच्या पंजाच्या जाडीइतका वर, टेकला होता. बोटं कशावर तरी वळली होती.

"दगडू," गणपत म्हणाला, "उशीर झालो रे. मुलगो झालो माका. ह्यो बघ."

हेरंबला आपल्याकडे कोणीतरी पाहिल्यासारखं वाटलं.

हळूहळू तळवा खाली आला आणि टेबलाला लागला. गणपत म्हणाला, "ये."

पंखे सुरू झाले. आधी खांबाजवळचे, मग पुढचे, मग सगळे. हेरंब धावत मुख्य मशीनकडे गेला. ओळी भराभर हिरव्या होत होत्या. सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, दोन्ही हिरव्या. एकशे चव्वेचाळीस. तो लहान मुलासारखा हसला. गुप्ते मॅडमना फोन लावला, त्यांनी पलीकडे टाळ्या वाजवल्या. फोन ठेवताना त्याने सहज लॉगवर नजर टाकली. २४१७ च्या पुढे अखेर सुटण्याची वेळ पडली होती, दुपारी साडेतीन. त्याच्या खालच्या ओळीत नवा युजर आला होता. ३०५२. सुरू, दुपारी साडेतीन. सुटण्याची जागा रिकामी होती.

परत येताना गणपत इतका हलका चालत होता की हेरंबलाच मागे पडायला झालं. चाळीच्या तोंडाशी तो थांबला.

"बारा वाजता कोण येता?"

"कुठे?"

"माझ्यामागे. तिसऱ्या पाळीक."

"कोणी नाही, बाबा. पाळ्या कधीच बंद झाल्या."

गणपतने थोडा विचार केला. घाबरलेला दिसला नाही, नुसता हिशेब चुकलेल्या माणसासारखा दिसला. "मगे मी कसो सुटतलंय?" तो म्हणाला आणि जिना चढू लागला.

सोमवारी दहाला हॉलमध्ये नारळ फुटला, पेढे वाटले, एकशे चव्वेचाळीस मुलंमुली आपापल्या जागी बसली. गुप्ते मॅडमनी सगळ्यांसमोर पाकीट हेरंबच्या हातात दिलं. ते फोडतो न फोडतो तोच सत्त्याऐंशीवरच्या मुलीने हात वर केला. मशीन चालतंय, सगळं चालतंय, पण खुर्ची गरम लागते आणि मागे कोणीतरी धापा टाकतंय असं वाटतं, असं ती म्हणत होती. आणि त्याच वेळी हेरंबच्या खिशातला फोन वाजला. चाळीतून शेजारच्या दमयंतीवहिनी बोलत होत्या. गणपतने चहा घेतला, गॅलरीत खुर्चीवर बसला आणि बसल्या जागी गेला.

"लवकर ये," त्या म्हणाल्या. "आई तुझी काही बोलत नाही."

हेरंब दाराकडे निघाला. दारापाशी थांबला. मागे वळला, मुख्य मशीनपाशी आला आणि लॉग उघडला. ३०५२, सुरू, काल दुपारी साडेतीन. सुटण्याची जागा अजून रिकामीच होती.

बापाच्या प्रेताकडे जायच्या आधी मुलगा कॉम्प्युटरकडे गेला, हे नंतर ऑफिसात पुष्कळ जणांनी नावं ठेवत सांगितलं. सांगोत बापडे. हेरंब त्या खांबाशी गेला आणि मुलीला म्हणाला, "ताई, एक मिनिट उठता?" सगळा हॉल बघत होता. त्याने हात पुढे केला. टेबलाच्या कडेच्या वरच, चार बोटांवर, त्याच्या तळव्याला काहीतरी लागलं. हाडं वर आलेला, खरखरीत, गरम हात. लहानपणी चौपाटीवर नेताना धरलेला तो हात त्याने लगेच ओळखला. त्याला हुंदका फुटला.

दगडूकडे जायचं बाप उद्या-उद्या करत राहिला होता. हेरंबला तेवढा वेळही नको होता. हा हात हातात घेतला की आपण इथले झालो, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याच्यामागे यायला कोणी नव्हतं, तेही माहीत होतं.

"ये, बाबा," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बापाला एकेरीत हाक मारली.

तळवा टेबलाला टेकला. टेबल थंड होतं.

घरी पोचला तेव्हा गणपतला खाली चटईवर ठेवलं होतं. सुभद्राने सांगितलं की मगाशी त्याच्या उजव्या हाताची मूठ काही केल्या उघडत नव्हती, दोघांनी ओढून पाहिली, आणि आता दहा मिनिटांपूर्वी ती आपोआप सुटली. हेरंबने बापाच्या सदऱ्यावरचा बिल्ला काढून खिशात टाकला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. हॉलची कंपनी दोनदा बदलली, मशीनं चार वेळा बदलली, हेरंबचे केस कानांपाशी पांढरे झाले. पुण्याहून बोलावणं आलं, बेंगळुरूहून दुप्पट पगाराचं आलं. त्याने नाही म्हटलं, आणि का ते बायकोलाही कधी नीट सांगितलं नाही. बसायला त्याने सत्त्याऐंशीची जागा मागून घेतली आहे. त्याच्या काळात सॉफ्टवेअर चढवताना एकही मशीन कधी अडकलं नाही, अशी त्याची ख्याती आहे. फक्त रोज दुपारी साडेतीनला तो हातातलं काम थांबवतो, उजवा हात टेबलाच्या कडेवर ठेवतो आणि मागे कोणी येऊन उभं राहिलंय का ते वळून बघतो.